हा पार्ट कशाचा?

आमच्या घरात मेकॅनिकनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पाहुणे आले, विमेवाले आले, एकदा शेजारची म्हैस दावं तोडून थेट ओट्यापर्यंत आली. मेकॅनिक तेवढा आला नाही. कारण माझे सासरे. ते आयुष्यभर उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर होते, आणि एका माणसानं जोडलेली वस्तू दुसऱ्या माणसाला उघडता आलीच पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्ती. माझं माहेर जयसिंगपूरचं, व्यापाऱ्याचं घर. तिथं मिक्सर बिघडला की दुकानातून दुसरा यायचा. त्यामुळं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात जेवणाच्या ताटांशेजारी छताचा पंखा पोट उघडून पडलेला पाहिला, तेव्हा मला वाटलं काहीतरी मोठा अपघात झालाय.

"काय न्हाई गं," भाकरी थापता थापता आत्ती म्हणाल्या, "जरा कुरकुर करत हुता."

मामांची एक पत्र्याची पेटी होती. पाने, पकडी, पेचकस, कानशी, सगळं तिच्यात, आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. त्या पेटीला घरात कुणी हात लावत नसे. नवरा लहानपणी एकदा तिच्यावर बसला होता. त्याचं काय झालं ते तो अजून सांगत नाही.

अलीकडं मात्र मामांचा हात थरथरायला लागला होता आणि नजरही पूर्वीची राहिली नव्हती. दिवाळीनंतर त्यांनी गीझर उघडला. मेन स्विच बंद केलाय अशी त्यांची खात्री होती. बंद केला होता तो अंगणातल्या दिव्याचा. झटका बसला आणि मामा मागच्या बादलीत जाऊन बसले. आम्ही धावत गेलो तर बादलीतूनच म्हणतात, "करंट चांगला हाय. लाईन खणखणीत हाय बघ."

मला हसू आवरेना. नवऱ्याला आलं नाही. तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत हिशेब बघतो, त्याला कुठल्याही गोष्टीतला तोटा आधी दिसतो. शिवाय तो मनापासून घाबरला होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्या दिवसापासून त्यानं धोशा लावला: सगळ्या मशिनींचं वर्षाचं काम एका मेकॅनिकला द्यायचं आणि ती पेटी घरातून हलवायची. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करत. लेथच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेलेत. कुठला अर्धा, ते त्यांच्या सोयीनं ठरतं.

संक्रांत होऊन गेलेली. एका रविवारी मी ओट्याखालून झाडू फिरवला तर केराबरोबर एक वस्तू बाहेर आली. बोटाच्या पेराएवढा काळ्या प्लॅस्टिकचा खुंटा. एका टोकाला चपटी टोपी, दुसऱ्या टोकाला स्क्रूसारखे आटे, आणि टोपीचा एक कोपरा उडालेला.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"टाक की केरात," आत्ती म्हणाल्या. "कसला तर कचरा."

"आटं पाडल्यात त्येला," मामांनी तो माझ्या हातातून घेतला. "आटं पाडलेली वस्तू कचरा नसती."

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. "आप्पा, हे तुम्हीच कुठलंतरी उघडून परत लावायचं विसरलाय. आता बास करा. एखाद दिवशी जीव जाईल तुमचा."

मामांना जीव जाण्याचं काही वाटलं नाही. विसरलाय म्हटल्याचं वाटलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "मी? मी पार्ट इसरतोय? येत्या रविवारच्या जेवणाच्या आत ह्यो कशाचा हाय ते सांगतो. न्हाई सांगितलं, तर माझी पेटी घराभायेर काढ. मी तोंड उघडणार न्हाई."

"आणि मेकॅनिक?"

"त्यो बी आण. त्येला च्या मी करून देतो."

मामांना आयुष्यात चहा करता आलेला नाही, तेव्हा पैज किती गंभीर होती ते मला कळलं. आत्तींनी परातीत जरा जास्तच पाणी ओतलं आणि पीठ सैल झालं म्हणून स्वतःवरच चिडल्या.

दुसऱ्या दिवसापासून घराचा दवाखाना झाला. मामांचा हिशेब सरळ होता: जी मशीन कुरकुरते, तिच्यात काहीतरी कमी आहे. मिक्सर उघडला, इस्त्री उघडली, वॉशिंग मशीन आडवं पडलं. गीझर उघडताना मला मेन स्विचवर हात ठेवून उभं केलं. शाळेत मुलांना बाकावर उभं करते, तशी मी घरात उभी. खुंटा कुठंच बसला नाही. सगळं परत जोडलं आणि वॉशिंग मशीन कपडे धुता धुता चालत बाथरूमच्या दाराशी यायला लागलं. मामा म्हणाले, "मोकळं झालंय आता."

घरघंटीकडं मात्र ते फिरकलेसुद्धा नाहीत. ही पीठ दळायची छोटी चक्की नवऱ्यानं दिवाळीला आईसाठी आणली होती, कारण आत्तींची कंबर धरते आणि दळणाचा डबा घेऊन गिरणीत जाणं त्यांना झेपत नाही, असं त्याचं म्हणणं. ती मागच्या खोलीत होती, आत्तींच्या ताब्यात, वर त्यांनी शिवलेलं कापडाचं आवरण. दळायचं काम दुपारी, आम्ही दोघं कामावर आणि मामा पारावर पत्त्यांना गेल्यावर. तिची तक्रार नव्हती. उलट मामा रोज भाकरीचा पापुद्रा उचलून म्हणायचे, "घरच्या चक्कीचं पीठ त्ये घरच्या चक्कीचं. गिरणीत ही चव न्हाई." आत्ती मान खाली घालून पुढची भाकरी टाकायच्या.

घरात काही लागेना, तेव्हा मामा खुंटा खिशात घालून गावात निघाले. आमच्या या बावडा गावात कुणालाही काहीही विचारा, माहीत नाही असं उत्तर येत नाही. पत्ता चुकीचा का होईना, ठामपणे मिळतो, वर सांगणारा चार पावलं सोबतही येतो. दूधवाल्यानं सांगितलं, औषध फवारायच्या पंपाचा. शिंप्यानं सांगितलं, शिलाई मशीनचा, आणि आपल्याला तो जुन्या मशीनसाठी हवाच होता म्हणून ठेवूनच घ्यायला बघितला. पारावर तर दोन तट पडले: कुकरवाले आणि मोटरसायकलवाले. एका म्हाताऱ्यानं "आणा हिकडं" म्हणून तो नाकाला लावला. "पिठाचा वास येतोय," तो म्हणाला. सगळे हसले. स्वयंपाकघरात सापडलेल्या वस्तूला काय डिझेलचा वास येणार?

शेवटचा उपाय म्हणून संध्याकाळी मी मामांना स्कूटरवर मागं बसवून उद्यमनगरात त्यांच्या जुन्या दोस्ताच्या शेडमध्ये नेलं. दोस्तानं खुंटा बोटांत फिरवला. दोघंही अर्धे बहिरे, त्यामुळं सगळं बोलणं शेडच्या बाहेरपर्यंत जात होतं.

"कशाचा हाय?"

"तेच बघायचंय."

"कोपरा गेलाय की. पितळंत काढूया व्हय?"

"काढ."

"मामा," मी मधे पडले, "पण तो कशाचा आहे तेच अजून माहीत नाही."

दोघांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "बनवल्यावर कळंल की," दोस्त म्हणाला. आणि त्यानं लेथ सुरू केलं. एकदा सेटिंग लावल्यावर एकच कशाला काढायचा, म्हणून मूठभर काढले. चकचकीत पितळेचे, टोपीचा कोपरा शाबूत, आटे असे साफ की नखाला कुठं खरखर लागत नव्हती. घरातून निघताना आमच्याकडं एक अनोळखी पार्ट होता. परतताना मूठभर होते. मला माहेरचे लोक आठवले आणि त्यांना हे कधीच कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं.

पण त्या शेडमध्ये एक गोष्ट झाली. दोस्तानं काळा खुंटा भिंगाखाली धरला आणि मामांना दाखवला. टोपीवर दोन्ही बाजूंना दातांसारखे ओरखडे होते.

"ह्यो पडलेला न्हाई," मामा सावकाश म्हणाले. "ह्यो सांडशीत धरून पिळून काढलाय कुणीतरी."

आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांडशी वापरते, हे मला नाकारता येईना. घरी येताना स्कूटरवर मागं ते खिशातला खुंटा चाचपत राहिले.

आठवडा असा सरला. पितळेचे खुंटे गल्लीत पांगले. एकानं खिडकीच्या कडीला लावला, एकीनं कपाटाच्या खणाला मूठ म्हणून. मामा जेवेनात नीट. रात्री पेटी उघडून एकेक पाना पुसायचे आणि परत ठेवायचे. चेष्टा करायची माझी सवय, पण त्या पुसण्याची चेष्टा करवेना. सून म्हणून मला ती पेटी अडगळ वाटायची, खोटं कशाला बोलू. आता मात्र वाटायला लागलं, ती गेली तर हा माणूस दिवसभर हातांचं करणार काय?

शनिवारी माझी सकाळची शाळा. दुपारी घरी आले तर मामा चप्पल घालून दारात. "गिरणीपातूर सोड," म्हणाले. "गिरणीवाल्याकडं जुन्या मशिनींचं मायंदाळ सामान हाय. त्येला दाखवतो. उद्या रविवार."

आत्ती घरात नव्हत्या. देवळात गेल्या होत्या. देऊळ आणि गिरणी समोरासमोर.

आम्ही गिरणीच्या कोपऱ्यावर पोचलो आणि कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट रस्त्यात आडवा लागला. मी गाडी बाजूला घेतली. ट्रॅक्टर पुढं सरकला, तसा गिरणीचा दरवाजा दिसला.

दरवाज्यासमोरच्या बाकावर आत्ती बसल्या होत्या. पायाशी आमचा पिठाचा डबा, नंबरला लावलेला. पदर खोचलेला. समोर गल्लीतल्या बायकांचं कोंडाळं, आणि आत्ती दोन्ही हात थरथरवत, डोळे पांढरे करत मागं झुकून बसल्याचा अभिनय करत होत्या. "करंट चांगला हाय!" त्यांचा आवाज गिरणीच्या घरघराटावर चढला. "बादलीत बसून मला सांगत्यात, लाईन खणखणीत हाय!" बायका पोट धरून लोळायच्या बाकी होत्या. एकीनं पदराचा बोळा तोंडात घातला होता. आणि आत्ती स्वतः हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. घरात त्या कामापुरतं बोलतात. मामांना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं, आम्ही दोघं घाईत, मग बोलणार कुणाशी?

आत्तींना खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत होतं. गिरणीत यायला निमित्त हवं, पण चक्की बंद आहे असं खोटं कसं सांगायचं? म्हणून त्यांनी आधी ती सांडशीनं खरोखर बंद पाडली असणार आणि मग कुणी विचारायची वाट बघितली असणार. कुणी विचारलंच नाही. घरात पीठ येत होतं, भाकरी फुगत होती. आणि त्या देवाला नमस्कार करूनच गिरणीत जात होत्या, त्यामुळं देवळात जाते म्हणणंही खरंच होतं.

मामांना शब्द ऐकू गेले नसतील. पण ते हातवारे कुणाचे, हे त्यांना कळलं. मला वाटलं आता हा माणूस गाडीवरून उतरणार आणि भर रस्त्यात दंगा करणार. ते बघत राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वळीव गाडी."

घरी येऊन ते सरळ मागच्या खोलीत गेले. घरघंटीचं आवरण काढलं, दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक रिकामं भोक होतं. त्यात त्यांनी पितळेचा खुंटा फिरवला; हात थरथरत होता, पण आटे पहिल्याच फटक्यात धरले. दार लावलं की हा खुंटा आतलं बटण दाबतो आणि मगच चक्की फिरते, एवढं मलाही दिसलं. मामांनी स्विच टाकला. चक्की घुमायला लागली. त्यांना आवाज नीट येत नाही, म्हणून त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"मामा, सापडला की!" मी ओरडले. "जिंकलासा तुमी!"

त्यांनी स्विच बंद केला. खुंटा उलटा फिरवून काढला, खिशात टाकला. आवरण होतं तसं घातलं, त्याची एक चुणीसुद्धा सरळ केली.

"काय सापडलं?" ते म्हणाले.

"पार्ट!"

"कसला पार्ट?" आणि मग माझ्याकडं न बघता, "पोरी, उद्या तू बी गप ऱ्हायचं."

मी गप राहणारी बाई नाही. माझ्या माहेरी आणि शाळेत कुणालाही विचारा. तो रविवार मी गप राहिले.

रविवारी मटण होतं. तांबड्या रश्शाची वाटी संपवून मामांनी हात पुसले आणि काळा खुंटा ताटाशेजारी ठेवला. "न्हाई लागला तपास," ते म्हणाले. "हारलो. पेटी भंगारात नको घालू, उद्यमनगरात माझ्या दोस्ताला देऊन ये. चालत्या हातात राहू दे."

नवऱ्याला आनंद व्हायला हवा होता. त्याचा घास हातातच राहिला. "आप्पा, राहू दे हो, मी आपलं रागात..."

"बोललो म्हंजे बोललो. आजच्या आज ने."

मला ओरडावंसं वाटत होतं. मी पांढऱ्या रश्शात इतका भात कालवला की शेवटी तो चमच्यानं खावा लागला. आत्तींनी स्वतःच्या वाटीतली नळी उचलून मामांच्या ताटात टाकली. मामांनी ती जोरात आवाज करत चोखली.

संध्याकाळी पेटी गेली. आठवड्यात मेकॅनिक आला. मामांनी खरंच त्याच्यासाठी चहा केला; तो बिचारा वर तांब्याभर पाणी प्यायला. त्यानं सगळं तपासलं, वॉशिंग मशीनचं चालणं बंद केलं. मागच्या खोलीच्या दारात मात्र मामा खुर्ची टाकून बसले होते. "हितं काय न्हाई," त्यांनी त्याला सांगितलं. "हितं माझी झोपायची जागा हाय."

त्यानंतरच्या शनिवारी मी शाळेतून आले, तर मामा ओसरीवर रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते. मागच्या दारानं आत्ती डबा कमरेवर घेऊन निघाल्या. कंबर धरली असावी, पायरीवर जरा थांबल्या. मामा उठले, चप्पल घातली, जाऊन डब्याला हात घातला.

"आण हिकडं. कंबर मोडून घेशील."

"कसला डबा..." आत्तींनी सुरुवात केली आणि थांबल्या. खोटं येत नाही तर येत नाही.

"गिरणीच्या कोपऱ्यापातूर येतो. फुडं तुझं तू जा. बायकांत मी काय करू?"

आत्ती भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मग मामांच्या बऱ्या कानाशी जाऊन त्यांनी विचारलं, इतक्या मोठ्यानं की मला फाटकापर्यंत ऐकू आलं, "कधी कळलं तुमास्नी?"

"गेल्या शनवारी."

"मग रविवारी बोललासा का न्हाई? पेटी घालवून बसलासा की!"

"बोललो असतो," मामा म्हणाले, "तर तू घरात बसली असतीस."

आत्तींनी पदराच्या टोकानं तोंड पुसलं. डब्याची एक कडी मामांच्या हातात राहू दिली, दुसरी स्वतः धरली आणि दोघं निघाली, भर रस्त्यानं, सगळ्या गल्लीच्या देखत. मी फाटकात उभी होते आणि मला रडू येत होतं. कोपरा आला. मामा थांबायला लागले. आत्तींनी कडीला एक हिसडा दिला, आणि दोघं तशीच पुढं गेली.